रेकॉर्डिंग क्वांटाइझ करणं आणि फेड लावणं: कोणत्या क्रमानं, किती आणि कुठे

क्वांटाइझ केल्यावर, म्हणजे वाजवलेले ठोके सॉफ्टवेअरनं लयीच्या ठरलेल्या रेषांवर (ग्रिडवर) ओढल्यावर, स्नेअर ड्रम दोनदा वाजल्यासारखा येतो. गिटारमध्ये मध्येच टिकटिक ऐकू येते. सगळं लयीत बसलेलं असतं, तरी गाणं मेल्यासारखं वाटतं. या तक्रारी आल्या की लोक सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज चाळू लागतात. बहुतेक वेळा दोष तिथे नसतो, कामाच्या क्रमात असतो. फेड (आवाज हळूहळू चढवणं किंवा उतरवणं) आधी लावून मग क्लिप (रेकॉर्डिंगचे तुकडे) हलवल्या, किंवा टेक (एकेका वेळी वाजवलेलं रेकॉर्डिंग) ठरायच्या आधीच क्वांटाइझ केलं, तर पुढच्या टप्प्याला लागणारा आवाज आधीच छाटला गेलेला असतो.

हा लेख ऑडिओपुरता आहे. मिडीत (जिथे आवाज नसून नुसती नोटांची नोंद असते) नोट सरकवली तर मागे काही उरत नाही. ऑडिओत मात्र एक तुकडा सरकवला की कुठेतरी फट पडते आणि कुठेतरी दोन तुकडे एकमेकांवर चढतात. पुढचे जवळजवळ सगळे नियम या फटीमुळेच आले आहेत.

सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. प्रो टूल्समध्ये बीट डिटेक्टिव्ह आणि इलॅस्टिक ऑडिओ, लॉजिकमध्ये फ्लेक्स टाइम, क्यूबेसमध्ये हिटपॉइंट आणि ऑडिओवार्प, एबलटन लाइव्हमध्ये वार्प, रीपरमध्ये डायनॅमिक स्प्लिट आणि स्ट्रेच मार्कर, स्टुडिओ वनमध्ये ऑडिओ बेंड. नावं वेगळी असली तरी काम तेच आहे.

## टप्पा १: हात लावण्याआधी

प्रोजेक्ट नव्या नावानं सेव्ह करा. मूळ टेक दुसऱ्या प्लेलिस्टमध्ये किंवा म्यूट केलेल्या ट्रॅकवर जशाच्या तशा ठेवा. 'अनडू आहेच की' असं म्हणून हे टाळू नका. तीन दिवसांनी दुसऱ्या कडव्यातला एक ठोका परत हवा असतो, तेव्हा अनडू तिथवर पोचत नाही.

मग टेम्पो बघा. क्लिकवर (मात्रा देणाऱ्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) वाजवलं असेल तर प्रोजेक्टचा टेम्पो क्लिकच्या टेम्पोशी दशांशापर्यंत जुळला पाहिजे. ९७ आणि ९७.५ यांतला फरक पहिल्या ओळीत कळत नाही. चार मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी मात्र तो एका सेकंदाच्या पुढे गेलेला असतो. क्लिकशिवाय वाजवलं असेल तर वाजवण्याला ठरीव टेम्पोत कोंबू नका. आधी रेकॉर्डिंगवरून टेम्पो मॅप (कुठे किती वेग आहे याचा आराखडा) तयार करा. ग्रिड वाजवण्यामागे जाऊ द्या आणि मग राहिलेली बारीक चूक सुधारा.

नंतर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल रूपांतर न करता ४८ च्या प्रोजेक्टमध्ये टाकली तर ती सुमारे ९ टक्के वेगानं आणि जवळपास दीड सेमीटोन वर वाजते. कुणी चुकीच्या सुरात गायलंय असं वाटायच्या आधी हे तपासा.

रेकॉर्डिंगचा कायमचा उशीरही आधीच काढून टाकायचा असतो. ऑडिओ इंटरफेसचं आउटपुट केबलनं त्याच्याच इनपुटला जोडा, क्लिक रेकॉर्ड करा आणि झूम करून बघा. रेकॉर्ड झालेला क्लिक ग्रिडपासून दर वेळी सारखाच लांब पडत असेल, समजा ६ मिलिसेकंद, तर सगळे रेकॉर्ड केलेले ट्रॅक एकदाच तेवढे मागे ओढा. याला क्वांटाइझ म्हणत नाहीत आणि हे काम क्वांटाइझवर सोपवायचंही नाही. तसं केलं तर मशीनची चूक वादकाच्या नावावर जाते आणि त्याची खरी लय पुसली जाते.

गाणं पहिल्या मोजमापापासून (बारपासून) सुरू करू नका. दोन मोजमापं रिकामी ठेवा. पहिला ठोका थोडा लवकर आला असेल किंवा समेच्या आधी उठाव असेल, तर शून्याच्या अलीकडे जागाच नसते.

सावधान: काही सॉफ्टवेअर आयात करतानाच ऑडिओ स्वतःहून ताणतं. लाइव्हमध्ये लांब फाइल आपोआप वार्प करण्याचा पर्याय असतो. एकापेक्षा जास्त माइकचं रेकॉर्डिंग आणण्याआधी तो बंद करा.

तपासणी: गाण्यातला पहिला स्पष्ट ठोका आणि शेवटच्या धृपदातला एक ठोका ग्रिडवर बघा. दोन्हीकडे चूक कमी-जास्त आणि दोन्ही बाजूंना असेल तर ते वाजवण्यातलं आहे. चूक एकाच दिशेनं वाढत गेली असेल तर टेम्पो चुकला आहे. पुढे जाऊ नका.

## टप्पा २: टेक पक्के करणं

चांगले भाग निवडून एक सलग टेक तयार करा, जोडांवर क्रॉसफेड (एक तुकडा उतरवताना दुसरा चढवणारा फेड) लावा, प्रत्येक जोड सोलो करून ऐका. त्यानंतर गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच अखंड क्लिप करा. ड्रमचे सगळे माइक एकाच जागी सुरू होऊन एकाच जागी संपले पाहिजेत.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, छोटे छोटे तुकडे वेगवेगळे पक्के करणं. तसं केलं की क्लिपच्या काठांपलीकडचा ऑडिओ कायमचा जातो, आणि पुढे फट भरायला व क्रॉसफेडला तोच ऑडिओ लागणार आहे. दोन, 'आधी साफसफाई' म्हणून शांत जागा कापणं किंवा गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावणं. टॉम ड्रमच्या दोन ठोक्यांमधली घरघर त्रास देत असली तरी आता राहू द्या.

सूर दुरुस्तीही नंतरच करा. आधी वेळ, मग सूर. सूर दुरुस्त केलेला आवाज पुन्हा ताणला तर त्यावर दोन अल्गोरिदमचे ओरखडे बसतात.

## टप्पा ३: गट बांधणं

एका वाद्यावर एकापेक्षा जास्त माइक असतील तर ते सगळे ट्रॅक एका एडिट गटात घ्या. काप पडेल ती सगळ्यांवर एकाच जागी, क्लिप सरकेल ती सगळ्यांची सारखीच.

कारण साधं आहे. आवाज हवेतून एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. स्नेअरच्या वर एक मीटरवर टांगलेल्या ओव्हरहेड माइकमध्ये तोच ठोका ३ मिलिसेकंदांनी उशिरा पोचतो, चार मीटरवरच्या रूम माइकमध्ये १२ मिलिसेकंदांनी. झूम केल्यावर ते ठोके तिरके दिसतात. नवशिक्याला ते 'सरळ' करण्याचा मोह होतो. प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे ग्रिडवर बसवला की ही अंतरं दर ठोक्याला वेगळी होतात. मग स्नेअर कधी भरदार, कधी पोकळ वाजतो, आणि कोणत्याही इक्वलायझरनं ते परत जुळत नाही.

ताणण्याची पद्धत वापरणार असाल तर नुसता एडिट गट पुरत नाही. सगळ्या ट्रॅकनी एकाच ट्रॅकचे मार्कर पाळले पाहिजेत. लॉजिकमध्ये त्यासाठी गटाचं क्वांटाइझ-लॉक आणि संदर्भ ट्रॅक निवडायची सोय आहे. किक (पायानं वाजवायचा ड्रम) आणि स्नेअर हे संदर्भ ठेवा, ओव्हरहेडला ठेवू नका.

तपासणी: गट चालू करून मध्यावर एक काप घाला. ती सगळ्या ट्रॅकवर पडली का बघा, मग अनडू करा. लपवलेला ट्रॅक गटातून सुटणं ही फार नेहमीची चूक आहे, आणि ती कळते तेव्हा दोनशे काप पडून गेलेल्या असतात.

## टप्पा ४: ट्रान्झिएंट शोधणं

ट्रान्झिएंट म्हणजे आवाजाचा पहिला आघात. सॉफ्टवेअर तो आवाजाच्या पातळीतल्या अचानक उडीवरून ओळखतं, संगीत ऐकून नाही. त्यामुळे त्याच्या खुणा तुम्हाला तपासाव्याच लागतात. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच वगळला जातो. प्रत्यक्षात निम्मं काम इथेच होतं.

१. आधी फक्त किक आणि स्नेअरवरून खुणा काढा. संवेदनशीलता शून्यापासून हळूहळू वाढवा आणि सगळे मुख्य ठोके पकडले गेले की थांबा.

२. टॉमचे फिल (दोन ओळींमधले भरणीचे ठोके) आणि हाय-हॅटचे उघडे ठोके हातानं जोडा. फक्त तेवढ्यासाठी संवेदनशीलता वाढवली तर माइकमध्ये गळलेला शेजारचा आवाजही ठोका म्हणून मोजला जातो.

३. एकाच ठोक्यावर दोन खुणा असतील तर दुसरी पुसा. स्नेअरवर दोन्ही काठ्या मुद्दाम किंचित पुढेमागे वाजवल्या असतील तिथे हे हमखास होतं. दोन्ही खुणा राहिल्या तर क्वांटाइझ दोन्ही काठ्यांना एकाच रेषेवर ओढतं आणि वादकानं दिलेली जाडी जाते.

४. प्रत्येक खूण आघाताच्या चढावर नको, चढ सुरू होण्याच्या किंचित आधी हवी. खूण शिखरावर पडली तर काप आघाताचं तोंडच कापते.

हे सगळं ठोक्याच्या वाद्यांना लागू पडतं. व्हायोलिन, सिंथ पॅड, गजानं वाजवलेला बेस यांचा आवाज हळू चढतो, तिथे स्वयंचलित खुणांवर भरवसा ठेवू नका. गाण्यात आणखी एक गोम आहे. कानाला मात्रा ऐकू येते ती स्वर सुरू होतो तिथे, व्यंजनाशी नाही. 'सा' मधल्या स चा सुस्कारा स्वराच्या बराच आधी सुरू होतो. स च्या सुरुवातीची खूण ग्रिडवर बसवली तर गायक सतत मागे पडल्यासारखा वाटतो. गाण्याच्या ट्रॅकवर खुणा हातानंच द्या.

तपासणी: खुणेवरून खुणेवर उड्या मारत निदान एक कडवं आणि सगळे फिल बघा.

## टप्पा ५: कापायचं की ताणायचं

कापून सरकवताना मूळ आवाज बदलत नाही, फक्त जागा बदलते. ड्रम, तुटक वाजवलेली गिटार, टाळ्या यांना हेच बरं. ताणताना दोन खुणांमधला आवाज लांब किंवा आखूड केला जातो. फट पडत नाही, पण आवाजाला अल्गोरिदमचा पोत येतो. लांब स्वर, घुमत राहणारी गिटार, पियानो, गाणं यांना ताणणं सोयीचं.

ताणताना अल्गोरिदम वाद्याला धरून निवडा. ठोक्यांसाठी लाइव्हमध्ये 'बीट्स', प्रो टूल्समध्ये 'रिदमिक', लॉजिकमध्ये 'स्लायसिंग' किंवा 'रिदमिक'. एका वेळी एकच स्वर असेल, म्हणजे गाणं किंवा बेस, तर 'मोनोफोनिक'. कॉर्ड असतील तर 'पॉलिफोनिक'. झांजेवर पॉलिफोनिक लावून ती पाण्याखाली वाजल्यासारखी का येते असं विचारणारे खूप भेटतात. तो अल्गोरिदम हेच कारण. ड्रमचा पूर्ण संच शक्यतो कापूनच दुरुस्त करावा असं माझं ठाम मत आहे.

## टप्पा ६: क्वांटाइझ

आधी थोडा हिशोब. ६०,००० ला बीपीएमनं (मिनिटाला किती मात्रा त्या आकड्यानं) भागलं की चतुर्थांश नोटचे मिलिसेकंद मिळतात. १०० बीपीएमला ६००, अष्टमांशाला ३००, षोडशांशाला १५०. ठोका जवळच्या रेषेकडे ओढला जातो. म्हणून षोडशांश ग्रिडवर ७५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त चुकलेला ठोका थेट शेजारच्या चुकीच्या रेषेवर जाऊन बसतो. १६० बीपीएमला ही मर्यादा जेमतेम ४७ मिलिसेकंद उरते. जलद गाण्यात फिल विस्कटण्याचं कारण बहुधा हेच.

ग्रिड: त्या भागात प्रत्यक्ष वाजलेली सर्वांत लहान नोट निवडा, त्याहून बारीक नको. कडव्यात अष्टमांशच असतील तर अष्टमांश ग्रिड ठेवा आणि षोडशांशाचे फिल वेगळे करा. झुलत्या चालीला सरळ षोडशांश ग्रिड लावली की झुलणं संपलं. तिथे ट्रिप्लेट ग्रिड (मात्रेचे तीन समान भाग) किंवा स्विंग (दर दुसरी नोट किंचित उशिरा ठेवणारं सेटिंग) लागतं. स्विंगचे आकडे सगळीकडे सारखे नसतात. काही सॉफ्टवेअरमध्ये ५० म्हणजे सरळ आणि ६६ च्या आसपास ट्रिप्लेट, तर काहींत ० म्हणजे सरळ आणि १०० म्हणजे ट्रिप्लेट. एकाचा आकडा दुसऱ्यात तसाच टाकू नका.

ताकद: ३० मिलिसेकंद चुकलेला ठोका ८० टक्के ताकदीनं ओढला तर ६ मिलिसेकंद चूक उरते. ती ऐकू येत नाही, पण वादकाचा कल शाबूत राहतो. ड्रमसाठी ७५ ते ९० टक्क्यांपासून सुरुवात करा. १०० टक्के हवेच असतील, उदाहरणार्थ प्रोग्रॅम केलेल्या बीटखाली खरी किक बसवायची असेल, तर खुशाल वापरा, पण सवयीनं नको.

मर्यादा: ग्रिडच्या ८-१० मिलिसेकंद आतले ठोके सोडून द्या. कमी काप पडतील, कमी जोड लागतील. मात्र सेटिंगचं वर्णन नीट वाचा. काही ठिकाणी ती 'इतक्या जवळचे ठोके सोडा' सांगते, तर काही ठिकाणी 'इतक्या लांबचे ठोके धरू नका'. दोन्हींचा परिणाम उलटा आहे.

पॅड: कापून काम करताना काप ट्रान्झिएंटच्या किती आधी पडावी ते ठरवणारं हे अंतर. ड्रमसाठी ५ ते १० मिलिसेकंद, बेससाठी १५ ते २०. हा आकडा लक्षात ठेवा, टप्पा ८ मध्ये लागेल.

पूर्ण गाणं एका दमात क्वांटाइझ करू नका. आठ मोजमापं घ्या, क्वांटाइझ करा, ऐका, पुढे जा. ग्रिड आणि ताकद कडव्यागणिक बदलू शकतात, बदलायलाच हव्यात.

वाद्यांचा क्रम: ड्रम, मग बेस, मग ऱ्हिदम गिटार आणि कीबोर्ड, सगळ्यांत शेवटी गाणं. बेस ग्रिडशी न जुळवता दुरुस्त झालेल्या किकशी जुळवा. ड्रमला ८० टक्के आणि बेसला १०० टक्के दिलेत तर दोघं एकमेकांपासून सुटतात आणि तळ पातळ होतो. डाव्या-उजव्या बाजूला दोनदा वाजवलेल्या गिटारमधला थोडासा फरकच त्यांना रुंदी देतो. दोन्ही पूर्ण ताकदीनं बसवल्या की ती रुंदी आक्रसते. एक सुधारा, दुसरीचे फक्त खटकणारे ठोके हातानं सरकवा.

सावधान: गाण्याला स्वयंचलित क्वांटाइझ लावू नका. एकेक शब्द किंवा ओळ पकडून हातानं हलवा, आणि श्वास त्याच्या शब्दाबरोबरच जाऊ द्या.

## टप्पा ७: फटी भरणं

समजा क्लिप अ नंतर क्लिप ब आहे. ब उशिरा सरकवली की दोघांमध्ये फट पडते. ती भरायला हात आपोआप अ चा उजवा काठ ओढायला जातो, आणि तिथेच स्नेअर दोनदा वाजू लागतो. अ च्या उजव्या काठापलीकडे मूळ फाइलमध्ये काय आहे? ब चा मूळ आघात. अ जरा जास्त लांबवली की तो उघडा पडतो आणि काही मिलिसेकंदांनी खरी ब वाजते.

म्हणून नियम: फट नेहमी उजव्या क्लिपचा डावा काठ मागे ओढून भरायची. ब च्या डावीकडे अ चा विरत जाणारा नाद असतो. तो थोडा पुन्हा ऐकू गेला तरी कानाला कळत नाही.

ब लवकर सरकवली तर ती अ च्या शेपटावर चढते. तिथे अ छाटली जाणं योग्यच आहे. फट मग ब आणि पुढच्या क च्या मध्ये पडते, आणि तीही क चा डावा काठ ओढूनच भरायची.

फट ३०-४० मिलिसेकंदांहून मोठी असेल आणि वर झांज घुमत असेल तर नादाची पुनरावृत्ती ऐकू येते. अशा जागी काप मागे किंवा पुढे, जिथे नाद दाट किंवा झाकलेला असेल तिथे न्या. तेही जमत नसेल तर तो ठोका दुसऱ्या टेकमधून घ्या.

सॉफ्टवेअरमध्ये 'फट भरा आणि क्रॉसफेड लावा' असं एकच बटण असतं. ते वापरायला हरकत नाही, पण आधी फक्त फटी भरून ऐका. दोन्ही एकदम केलं की दोनदा वाजणारे ठोके फेडखाली अर्धवट झाकले जातात आणि शोधणं अवघड होतं.

तपासणी: सगळ्या ट्रॅकवर डोळ्यांनी एक फेरी मारा. रिकामी जागा कुठेच नको. जी काप पडली पण क्लिप सरकलीच नाही, ती पुन्हा जोडून अखंड करा. तिथे क्रॉसफेडची गरजच नाही.

## टप्पा ८: क्रॉसफेड

टिकटिक येते ती जोडावर तरंग एका पातळीवरून दुसरीवर उडी मारतो म्हणून. तरंग शून्य रेषेवर कापला तर उडी कमी होते. पण आठ माइकमध्ये शून्य एकाच क्षणी येत नाही, म्हणून क्रॉसफेड हवाच.

जागा सर्वांत महत्त्वाची. क्रॉसफेड आघाताच्या आधी पूर्ण संपला पाहिजे. आघातावर फेड चढला तर ठोक्याची धार जाते आणि ड्रम उशी मारल्यासारखे वाजतात. क्रॉसफेड काठाच्या मधोमध बसवत असाल तर त्याचा अर्धा भाग पॅडपेक्षा लहान ठेवा. पॅड १० मिलिसेकंद असेल तर ६ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड निर्धोक आहे. २० चा घेतलात तर तो अ ला १० मिलिसेकंद पुढे नेतो, म्हणजे पुन्हा ब च्या जुन्या आघाताच्या उंबऱ्यावर. सॉफ्टवेअर परवानगी देत असेल तर क्रॉसफेड पूर्णपणे काठाच्या डावीकडे ठेवा, मग हा प्रश्नच उरत नाही.

लांबी वाद्यावर ठरते. ड्रमला ४ ते ८ मिलिसेकंद, गिटारला १० ते २०, गाण्याला १० ते ३०, लांब स्वरांच्या सिंथ पॅडला ५० च्या पुढे कितीही. बेसकडे जरा जास्त लक्ष द्या. बेस गिटारची सर्वांत खालची उघडी तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते, म्हणजे तिच्या एका आवर्तनालाच २४ मिलिसेकंद लागतात. ५ मिलिसेकंदांच्या फेडमध्ये तरंगाची दिशा वळवायला जागा मिळत नाही, टिकऐवजी 'धप' ऐकू येतो. २० ते ३० मिलिसेकंद घ्या, काठाच्या डावीकडे ठेवा, आणि झूम करून दोन्ही तरंग जोडावर एकाच दिशेनं जात आहेत ना ते बघा. तसं नसेल तर काप एका आवर्तनाच्या आत इकडेतिकडे सरकवा.

आकार: समान-शक्ती क्रॉसफेडमध्ये मध्यावर दोन्ही बाजू ३ डेसिबल खाली असतात, समान-पातळी क्रॉसफेडमध्ये ६ डेसिबल. दोन्हीकडचे आवाज वेगळे असतील, म्हणजे वेगळे टेक किंवा वेगळे ठोके, तर समान-शक्ती. दोन्हीकडे जवळपास तोच तरंग असेल, जसं एकाच लांब स्वराच्या मधला जोड, तर समान-पातळी. उलट केलं तर पहिल्या बाबतीत जोडावर खड्डा पडतो, दुसऱ्या बाबतीत ३ डेसिबलपर्यंत उंचवटा येतो. जोडावर आवाज हलका उसळत असेल तर लांबीशी झटापट करण्याआधी आकार बदलून बघा.

सावधान: फेड लावल्यावर एखादी क्लिप पुन्हा सरकवावी लागली तर आधी दोन्ही बाजूंचे फेड काढा, सरकवा, फट भरा, मग नवे लावा.

## टप्पा ९: ऐकणं आणि पक्कं करणं

क्लिक बंद करा. क्लिक चालू असेल तर दोनदा वाजणारे ठोके तिच्याखाली लपतात. चार-चार मोजमापांची फेरी लावून आधी फक्त ओव्हरहेड ऐका, कारण जोड सर्वांत आधी तिथे उघडे पडतात. मग पूर्ण संच मोनोमध्ये. स्नेअरची जाडी ठोक्यागणिक बदलत असेल तर एखादा ट्रॅक गटातून सुटला आहे. टप्पा ३ कडे जा.

मग डोळे स्क्रीनवरून काढून सगळी वाद्यं एकत्र ऐका. ग्रिडवर बरोबर दिसणारा ठोका कानाला लवकर वाटला तर कान खरा. हातानं सरकवा.

सगळं पटल्यावरच नवी प्रत सेव्ह करून ट्रॅक अखंड करा किंवा ताणलेला ऑडिओ पक्का रेंडर करा. मिक्सिंगला दुसऱ्याकडे द्यायचं असेल तर हे टाळता येत नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचे स्ट्रेच मार्कर पोचत नाहीत.

## टप्पा १०: क्लिपच्या टोकांचे फेड

आता उरलेली साफसफाई. प्रत्येक मोकळ्या टोकाला फेड हवा, अगदी जिथे शांतता दिसते तिथेही, कारण तिथे खोलीची घरघर असते आणि ती अचानक सुरू झाली की कळते. ठोक्याच्या वाद्याला सुरुवातीला २ ते ५ मिलिसेकंद. गाण्यात श्वासाआधी २० ते ५० मिलिसेकंद, ओळीच्या शेवटी ५० ते १५०. श्वास पूर्ण कापू नका. जास्त वाटत असेल तर त्याची क्लिप पातळी ६ डेसिबलनं उतरवा.

क्लिपवरचा फेड बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्लगइनच्या आधी लागतो, ट्रॅकच्या व्हॉल्यूमचं ऑटोमेशन प्लगइननंतर. ट्रॅकवर जोरदार कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा प्लगइन) असेल तर लांब क्लिप-फेडशी तो भांडतो. तुम्ही आवाज उतरवता तसतसा तो दाबणं सोडतो, आणि शेवट हवा तसा विरत नाही. लांब उतारासाठी ऑटोमेशन वापरा, क्लिप-फेड जोडांपुरता ठेवा.

## टप्पा ११: गाण्याच्या शेवटचा फेड-आउट

मास्टरिंग (मिक्सवरून प्रकाशनाची अंतिम फाइल तयार करणं) दुसरं कुणी करणार असेल तर हा फेड लावूच नका. गाणं पूर्ण वाजू द्या आणि 'फेड ३:१२ ला सुरू, ३:२८ ला शांत' एवढी नोंद पाठवा.

स्वतः करत असाल तर तो लिमिटरच्या (आवाजाची शिखरं अडवणाऱ्या प्लगइनच्या) नंतर, शेवटच्या स्टिरिओ फाइलवर करा. लांबी सेकंदांत न मोजता मोजमापांत मोजा. १०० बीपीएमला चार मात्रांचं एक मोजमाप २.४ सेकंदांचं, म्हणून चार मोजमापं ९.६ आणि आठ मोजमापं १९.२ सेकंद. चारहून कमी घेतलं तर प्लग उपटल्यासारखं वाटतं. सुरुवात ओळीच्या आरंभी करा, शब्दाच्या मध्ये नको.

सरळ रेषेचा फेड इथे फसवतो. त्यात निम्मा वेळ गेल्यावर आवाज जेमतेम ६ डेसिबल उतरलेला असतो, आणि शेवटच्या दहाव्या हिश्शात उणे २० पासून थेट शांततेपर्यंत कोसळतो. ऐकणाऱ्याला तो कापल्यासारखा वाटतो. सुरुवातीला लवकर उतरणारा आणि शेवटी रेंगाळणारा वक्र निवडा.

फाइलच्या सुरुवातीला ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड-इन द्या. शेवटी रिव्हर्ब पूर्ण विरल्यावर निदान एक सेकंद शांतता ठेवून निर्यातीची सीमा आखा. १६ बिटची फाइल हवी असेल तर डिथर (बिट कमी करताना मिसळायची अगदी हलकी खरखर) सगळ्यांत शेवटी, फेडनंतर. आधी डिथर करून मग फेड केला तर फेडनं पुन्हा गणित केलेले आकडे छाटले जातात, आणि शांत होत जाणाऱ्या शेपटात खरखर येते. निर्यात केलेली फाइल पुन्हा प्रोजेक्टमध्ये आणा, शेवटचे वीस सेकंद हेडफोनवर आवाज वाढवून ऐका आणि तरंग खरोखर शून्यावर पोचला का ते झूम करून बघा. बघून झालं की आवाज आधी खाली आणा, मगच गाणं पहिल्यापासून लावा.